पाचव्या डब्यातले सात स्टिकर

शेडमधली माणसं तिला पाठीमागे चिकटबाई म्हणायची. हे तिला ठाऊक होतं. आणि ते तिला आवडायचं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. कारखान्यातून नवी कोरी वेगवान गाडी आली की रेल्वेच्या वतीने ती तपासून घ्यायचं काम चिकटबाईचं. आठ डबे, पाचशेच्या वर खुर्च्या, सगळ्या अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात स्टिकरचं बंडल घेऊन बाई पहिल्या डब्यात शिरायची आणि तीन दिवसांनी आठव्या डब्यातून उतरायची. तेवढ्या वेळात तिने प्रत्येक खुर्ची मागेपुढे करून, प्रत्येक दिवा लावून, प्रत्येक कडी ओढून बघितलेली असायची. जिथे खोट दिसेल तिथे आपल्या हाताने आकडा घातलेला स्टिकर. डाग, ओरखडा असलं काही असेल तर पिवळा. दुरुस्ती लागणार असेल तर निळा. आणि हे असंच राहिलं तर गाडी जागची हलणार नाही, असं असेल तर लाल. बावीस वर्षांत तिने लाल स्टिकर अकरा वेळा लावला होता, आणि अकराही वेळा कारखान्याचं कुणीतरी बडं माणूस धापा टाकत आलं होतं.

स्टिकरचा एकच नियम होता: ज्याने लावला त्यानेच काढायचा. कारखान्याचे फिटर दुरुस्ती करायचे, स्टिकरवर पेनाने खूण करायचे आणि बाजूला व्हायचे. मग बाई यायची, काम बघायची, समाधान झालं तर स्टिकर स्वतःच्या नखाने उचलून आपल्या वहीत डकवायची. त्यामुळे जिथे स्टिकर नाही तिथे खोट उरलेली नाही, असं सगळी शेड धरून चालायची. दुसऱ्याच्या स्टिकरला हात लावणं म्हणजे दुसऱ्याची खोटी सही ठोकण्यासारखंच होतं.

संशय घेण्याबद्दलच तिला पगार मिळत होता. पंचाईत एवढीच की संध्याकाळी संशय शेडमध्ये ठेवून घरी जाणं तिला कधी जमलं नाही. दुधाची पिशवी हातात आली की ती आधी उलटी करून कुठे ठिबकतेय का बघायची. नवरा भाजी छान झालीय म्हणाला की आज हा एवढा गोड का बोलतोय, म्हणून हिच्या मनात पाल चुकचुकायची. नवरा बिचारा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याचं काळीज इतकं घट्ट झालं होतं की बायकोच्या शंकांनी त्याला काही व्हायचं नाही.

त्यांना एकच लेक. तिने लग्नासाठी मुलगा आपणच पसंत केला. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायचा, शांत होता, वेळेवर यायचा. बाईने तीन महिने त्याच्यात खोट शोधली आणि एक पिवळा स्टिकरसुद्धा लावता येईना, तेव्हा ती आणखीच अस्वस्थ झाली. घोळ निघाला तो भलतीकडेच. मुलाचे वडील म्हणजे कारखान्याचे मिस्त्री. याच शेडमधले, याच गाड्यांवरचे मुख्य फिटर. बाईने स्टिकर लावायचा आणि मिस्त्रींनी तो निस्तरायचा, असं गेली सात वर्षं चाललं होतं.

आता यातली गंमत बघा. शेडमध्ये मिस्त्री हिला मॅडम म्हणणार, हिच्या पुढे गुडघ्यावर बसून खुर्चीचा नट आवळणार, आणि ही वरून म्हणणार, "अजून अर्धा फेरा." आणि घरी हीच मुलीची आई, तेच मुलाचे वडील. तिथे त्यांनी खुर्चीत बसायचं आणि हिने चहा पुढे करत म्हणायचं, "व्याही, साखर कमी नाही ना झाली?" मिस्त्रींना ही उलटापालट फार मजेची वाटायची. पहिल्याच भेटीत चहाची कपबशी डोळ्यांसमोर धरून ते म्हणाले होते, "विहीणबाई, बशीला इथे ओरखडा आहे. पिवळा लावू?" सगळे हसले. बाईही हसली, पण नंतर तिने बशी उजेडात धरून बघितली. ओरखडा खरंच होता.

नातं जुळतंय हे तिने रीतसर साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, कशातही पडायला नको असलेले. ते म्हणाले, "व्याही-विहीण एकमेकांवर डोळा ठेवूनच असतात. उलट काम चोख होईल." आणि विषय संपला.

तो संपला नाही, हे कळलं त्या वर्षीच्या सहाव्या गाडीच्या वेळी.

ही गाडी पुढच्या सोमवारी ताब्यात घ्यायची होती. आठवडाभर रोज सकाळी तिची चाचणी फेरी निघायची, वाटेतल्या छोट्या बोगद्यांतून जाऊन यायची. माणसं आणि यंत्रं पहिल्या डब्यात. उरलेल्या सात डब्यांत माणसांऐवजी वाळूची पोती, एका खुर्चीत दोन. धावत्या गाडीत पहिल्या डब्याच्या मागे कुणी जायचं नाही, असा कडक नियम होता, कारण अजून कशाचीच खात्री झालेली नव्हती. दुपारी गाडी शेडमध्ये परत आली की बाई आपले स्टिकर बघत फिरायची.

मंगळवारी पाचव्या डब्यात दोन स्टिकर कमी भरले. एक निळा, एक पिवळा, दोन्ही मागच्या दाराजवळचे. तिला वाटलं, पडले असतील. या खेपेचे स्टिकर जरा कमी चिकटणारे होते. जुन्यांचे डाग राहायचे म्हणून तिनेच ते मागवले होते. तिने शेजारचे डबे बघितले. बाकी सात डब्यांत एकही पडला नव्हता. तिने डब्यातली जमीन बघितली, पोत्यांच्या मधे हात घालून बघितलं. काही नाही. बुधवारी आणखी तीन गेले, गुरुवारी दोन. सातही त्याच दाराच्या हातभर अंतरातले. एक दिव्याची सैल काच, एक तिरपी कडी, बाकी ओरखडे. सगळ्या खोटी जागच्या जागी होत्या. गायब होते ते फक्त स्टिकर.

इतक्या बारीक खोटी कोण लपवेल? पण तिचं डोकं सरळ चालतंय थोडंच. बारीक गायब करून बघायचं, बाई गप्प बसते का. बसली तर मोठी गायब करायची. असं करणारा माणूस असा हवा, ज्याला वाटतं की बाई आता गप्प बसेल. आणि असं वाटायला लेकीचं लग्न ठरणं याहून चांगलं कारण कुठलं?

डब्यांच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. एक जुडगा तिचा, एक मिस्त्रींचा.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती मुद्दाम शेडमध्ये थांबली. सगळे जेवायला गेले होते, आणि पाचव्या डब्यात बॅटरीचा उजेड हलत होता. मिस्त्री मागच्या दाराशी गुडघे टेकून, मान वाकडी करून काहीतरी शोधत होते. तिची चाहूल लागली तसे चटकन उठले.

"काय हो मिस्त्री, जेवण?"

"निघालोच होतो, मॅडम."

"इथे काय चाललं होतं?"

"काही नाही. सहज." आणि निघताना पायरीवर पाय वर उचलला गेला, तेव्हा तिला दिसलं. त्यांच्या उजव्या बुटाच्या तळाला निळ्या स्टिकरचा कोपरा चिकटलेला होता, आणि त्यावर तिच्याच अक्षरातला आकडा.

राग नंतर आला. आधी लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. खरं तर तिथेच हटकलं असतं तर पाच मिनिटांत सगळं उलगडलं असतं. पण संशयी माणसाची हीच तर खोड असते, विचारायचं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्याला वाटतं. ती "बरं" म्हणाली आणि वाटेला लागली.

घरी तिने लेकीला आडून आडून विचारलं, "तुमचं ठरलं तेव्हा त्याच्या वडिलांना माहीत होतं का गं, मी कोण ते?"

"माहीत असेल. का?"

"आधी माहीत होतं की नंतर कळलं?"

लेकीने हातातला कंगवा खाली ठेवला. "आई, तू असं तर म्हणत नाहीयेस ना, की तुझ्याकडून गाडी पास करून घ्यायला त्यांनी मुलगा माझ्या मागे लावला?"

"मी काहीच म्हणत नाहीये."

"तू काही म्हणत नाहीस तेव्हाच मला भीती वाटते," लेक म्हणाली. "ही माणसं चांगली आहेत, आई. माझं सगळं सुख तिथे आहे. ते तुझ्या बॅटरीखाली धरू नकोस."

बाई रात्रभर जागी राहिली नाही, उगाच खोटं कशाला सांगा. ती गाढ झोपली, कारण तिचं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी तिने साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं. सात स्टिकर, त्यांच्या जागा, किल्ल्या, बुटाचा तळ, सगळं तारीखवार. शेवटी एक वाक्य लिहिलं: सदर इसमास या गाडीच्या कामावरून तात्काळ दूर करावे. सात वर्षं ज्यांना मिस्त्री म्हणून हाक मारली त्यांना 'सदर इसम' लिहिताना तिचा हात क्षणभर अडला. पण लिहिलं. साहेबांनी पत्र वाचून चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, नीट विचार केलाय ना? तुमच्या घरचं..."

"घरचं म्हणूनच," ती म्हणाली. "उद्या कुणी म्हणायला नको की व्याह्यासाठी बाईने डोळेझाक केली."

त्याच संध्याकाळी मिस्त्री घरी आले. लग्नाच्या हॉलच्या दोन तारखा मिळत होत्या, कुठली घ्यायची ते ठरवायचं होतं. एरवी दारातूनच थट्टा सुरू करणारा माणूस, आज खुर्चीच्या कडेवर बसला. चहा घेतला, बशीकडे बघितलंही नाही. लेकीने तारीख सुचवली, त्यांनी मान डोलावली. नवऱ्याने जेवायला थांबण्याचा आग्रह केला, नाही म्हणाले. बाई टेबलाच्या पलीकडून त्यांना निरखत होती. बघ, नजर देत नाही. बघ, हात पुन्हापुन्हा पुसतोय. खाई त्याला खवखवे म्हणण्याइतकीही उसंत तिने मनाला दिली नाही; तिच्या लेखी कबुलीच झाली होती. उठताना ते लेकीला म्हणाले, "येतो, बाळ," आणि बाईकडे न बघता गेले.

शनिवारी शेवटची मोठी फेरी होती, पूर्ण वेगाची, लांब बोगद्यातून जाणारी. साहेब सोमवारी निर्णय देणार होते, आणि तिला त्याआधी असा पुरावा हवा होता की ज्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही. तिचा तर्क साधा होता. स्टिकर जातात ते फेरीच्या दिवशी. फेरीत पाचवा डबा रिकामा असतो. म्हणजे चोर फेरीतच येतो. आणि मग, जिने बावीस वर्षांत एक नियम मोडला नव्हता, त्या बाईने डोकं दुखतंय, शेडमध्येच थांबते म्हणून सांगितलं, गाडीच्या पलीकडच्या बाजूने जाऊन आपल्या किल्लीने पाचवा डबा उघडला, मागच्या दाराजवळ एक नवा पिवळा स्टिकर आमिष म्हणून लावला आणि पुढच्या टोकाला दोन खुर्च्यांच्या मधे, पोत्यांच्या आड, जमिनीवर बसली. चौपन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई. तिला स्वतःलाच लाज वाटली.

गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी मागचं दार सरकलं आणि मिस्त्री आत आले.

तिने तोंडावर हात दाबला. मिस्त्रींनी डब्यात नजर फिरवली, मागच्या खुर्चीतलं पोतं उचलून खाली ठेवलं आणि तिथे बसले. पोत्यांच्या फटीतून तिला त्यांचा एक गुडघा आणि एक हात दिसत होता. आपण बरोबर होतो, याचा आनंद तिला झाला; नाही असं नाही. आणि त्याच क्षणी तिला रडू फुटेल असं वाटलं, कारण आता लग्न मोडणार होतं आणि ते मोडणारी ती होती.

गाडी सुटली. वेग वाढला. वेष्टनांचं प्लॅस्टिक थरथरायला लागलं. बाई त्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. आता उठेल, आता काढेल. हात उठेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिस्त्री नुसते स्टिकरकडे बघत बसले होते. मी आहे हे त्याला कळलंय, तिला वाटलं. म्हणून नाटक करतोय.

मग बोगदा आला. खिडक्या काळ्या झाल्या आणि तिच्या दोन्ही कानांना कुणी आतून बोटं खुपसल्यासारखे दडे बसले. कळ थेट जबड्यापर्यंत गेली. मागच्या दाराशी बारीक, सलग अशी शिट्टी सुरू झाली. तिने डोकं वर काढलं. पिवळ्या स्टिकरचा एक कोपरा उचलला गेला होता आणि फडफडत होता. मग दुसरा कोपरा. मिस्त्रींचे हात त्यांच्या कानांवर होते. स्टिकर सुटला, दाराच्या कडेकडेने खाली घसरत गेला आणि दार ज्या फटीत सरकतं, त्या फटीत नाहीसा झाला.

"अरे!" मिस्त्री ओरडले आणि उभे राहिले. बाईही उभी राहिली. दोघांची नजरानजर झाली.

"तुम्ही?"

"तुम्ही इथे काय करताय?"

"काय?"

"म्हटलं, तुम्ही काय करताय!"

दोघांनाही धड ऐकू येत नव्हतं. पोत्यांच्या दोन टोकांना उभं राहून व्याही-विहीण तीनशेच्या वेगाने ओरडत होते. बोगदा संपला आणि शिट्टी थांबली.

मिस्त्रींनी खिशातून पातळ पोलादी पट्टी काढली, फटीत घातली आणि हळूहळू बाहेर ओढली. वंगणाने काळे झालेले, चुरगळलेले स्टिकर एकेक करून वर आले. सहा जुने, एक आत्ताचा. सातवा जुना त्यांच्या बुटाला चिकटून आधीच बाहेर पडला होता. मग त्यांनी दाराच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवलं आणि खालच्या कोपऱ्यात थांबले. तिथे जोड उघडा पडला होता. बोटभर फट. गाडी बोगद्यात शिरली की बाहेरचा दाब एकदम बदलत होता आणि आतली हवा त्या फटीतून खेचली जात होती. जाताना हाताशी येईल तो स्टिकर घेऊन जात होती.

"ही पट्टी माझ्या हातची आहे," मिस्त्री म्हणाले. "थंडी होती, रबर कडक होतं. ओढून बसवलं. ओढलेलं रबर पुन्हा आखडतं, हे शिकाऊ पोरालाही सांगतो मी. आणि मीच..." त्यांनी पोत्यावर थाप मारली. "यांना कान असते तर पहिल्याच फेरीत बोंबलली असती. यंत्रं बसवलीत पहिल्या डब्यात. इथे माणूस कधी बसलाच नाही."

"तुम्ही काय शोधत होतात? परवा?"

"हेच. स्टिकर जातात कुठे. माझ्या हाताखालच्या पोरांनी सांगितलं, खूण करायच्या आधीच गायब होतात. मला वाटलं..." ते थांबले. "मला वाटलं, तुम्हीच काढताय. नात्यासाठी. मला सांभाळून घेताय. त्याचीही लाज वाटत होती मला."

मिस्त्रींनी दाराकडे बोट दाखवलं. "लावा, मॅडम. लाल."

लाल म्हणजे सोमवार गेला. लाल म्हणजे कारखान्याच्या कागदावर मिस्त्रींचं नाव, पट्टी कुणी बसवली त्या रकान्यात. तिने बंडल काढलं, बाराव्यांदा लाल स्टिकर सोडवला आणि अंगठ्याने कोपऱ्यावर दाबून बसवला. मग ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. मी साहेबांना पत्र—"

"वाचलं."

"कधी?"

"काल दुपारी. साहेबांनी बोलावून हातात दिलं. म्हणाले, खुलासा करा. म्हणून तर आज इथे येऊन बसलो, चोर पकडायला."

"काल दुपारी?" ती म्हणाली. "आणि संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आलात. चहा घेतलात."

"हॉलवाला थांबणार नव्हता."

"एक शब्द बोलला नाहीत."

"पोर समोर होती," मिस्त्री म्हणाले. "आईने सासऱ्याला चोर म्हटलंय, हे तिला माझ्या तोंडून कळायचं? तिने तुमच्याशी बोलणं टाकलं असतं. मग आली असती माझ्या घरात आईवाचून." ते पोतं उचलून परत खुर्चीत ठेवायला लागले. पाठमोरेच म्हणाले, "वाईट वाटलं, मॅडम. फार वाटलं. दारावर हजारदा शंका घ्या, तुमचं काम आहे. पण मला नुसतं विचारलं असतंत, तर मी बूट काढून दाखवला असता."

बाई वाकली आणि तिने पोत्याचं दुसरं टोक धरलं.

सोमवारी साहेबांनी पत्र पुढे करून विचारलं, "फाडून टाकू? कुणाला कळायचं नाही." बाई नको म्हणाली. तिने पत्राखाली लिहिलं की वरील आरोप खोटा आहे, तो मी न विचारता केला, आणि नियम मोडून डब्यात बसल्याबद्दल होईल ती शिक्षा मला मान्य आहे. मग ते पत्र घेऊन ती फिटरांच्या खोलीत गेली आणि सगळ्यांच्या देखत वाचून दाखवलं, 'सदर इसमा'पासून सहीपर्यंत. वाचताना तिचे कान तापले होते. मिस्त्री तिथे नव्हते. ते पाचव्या डब्यात दार उतरवून बसले होते, आणि त्यांना बोलवायची हिंमत तिला झाली नाही.

संध्याकाळी तिने लेकीला सांगितलं. काही लपवलं नाही, मुलगा मागे लावल्याची शंकासुद्धा. लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चप्पल घालून सरळ मिस्त्रींच्या घरी गेली. बाई खिडकीशी बसून राहिली. नवरा दोनदा म्हणाला, "जेवून घे." ती हलली नाही. लेक आता काय घेऊन येते, लग्न की मोडलेलं लग्न, याखेरीज तिला काही दिसत नव्हतं.

लेक दोन तासांनी परत आली. डोळे लाल होते.

"काय म्हणाले?"

"हॉलची तारीख तीच आहे, म्हणाले." लेक खुर्चीत बसली. "आणि तुला निरोप दिलाय. दार गुरुवारी तयार होतंय. फेरीत पाचव्या डब्यात बसायला साहेबांकडून दोघांची परवानगी काढलीय. म्हणाले, आईला सांग, कानात घालायला कापूस आणू नका."

गुरुवारी सकाळी निघताना बाईने सवयीने पर्समध्ये कापसाचा बोळा टाकला. लेक दारात उभी राहून बघत होती. बाईने बोळा काढून टेबलावर ठेवला आणि निघाली.

पाचव्या डब्यात मागच्या दोन खुर्च्यांतली पोती काढून ठेवली होती. दाराशी दाब मोजायचं यंत्र लावलं होतं. मिस्त्री तिच्या शेजारी बसले, हात गुडघ्यांवर. थट्टा नाही, गप्पा नाहीत. वेग वाढत गेला तशी त्यांच्या बोटांची पेरं पांढरी होत गेली. या माणसाने आधी मान गमावला होता आणि मग आपल्या हातच्या कामाचा भरवसाही, आणि दोन्ही तिच्याच हातून. तिला ते आता असं स्वच्छ दिसलं की तिने नकळत आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

खिडक्या काळ्या झाल्या. बोगदा आला.

"दाराकडे बघा, मॅडम," मिस्त्री घाईने म्हणाले.

"तुम्ही बघताय ना," ती म्हणाली, आणि बोगदा संपेपर्यंत तिने मान वळवली नाही.